सीमाभागातल्या मराठीत फोनशी बोलताना: आवाजी सहायकाला कामाला कसं लावावं

माझे सासरे बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. काचबिंदूमुळे फोनवरची अक्षरं दिसेनाशी झाली, म्हणून त्यांना फोनमधला आवाजी सहायक शिकवायला घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी फोन हातात धरला आणि माणसाला विचारावं तसं विचारलं, "पोरगं कुठं पोचलंय बघ की जरा, येऊलालंय का न्हाई अजून?" फोननं कसल्याशा गाण्यांची यादी काढली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. चौथ्यांदा ते म्हणाले, "माझंच बोलणं अशुद्ध, त्याला कळत न्हाई," आणि त्यांनी फोन उशीखाली सारला.

ते वाक्य मला फार लागलं. आयुष्यभर बाजारात, शेतात, कोर्टात ज्या बोलीनं कामं केली, ती बोली एका यंत्रापुढं अशुद्ध ठरावी हे मला मान्य नाही. पुढचे दोन महिने आम्ही दोघं बसून कुठं अडतंय ते बघत गेलो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या घरांत वडीलधाऱ्यांना हे शिकवणाऱ्यांसाठी त्यातून हाती लागलेलं इथं लिहिते.

पहिलं काम: नेमकं कुठं अडतंय ते शोधा

आपण बोललो की यंत्र तीन कामं करतं. आधी आवाज ऐकून त्याची अक्षरं करतं. मग त्या अक्षरांतून आपल्याला काय हवंय ते ओळखतं. मग फोन लावणं, गजर लावणं, उत्तर वाचून दाखवणं असं जे असेल ते करतं. चिडचिड तिन्हींत एकसारखीच होते, पण इलाज वेगळे आहेत. म्हणून बोलून झाल्याबरोबर पडद्यावर काय उमटलं ते वाचा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शेजारी बसून तुम्ही वाचा.

काहीच उमटलं नाही तर माइकची परवानगी किंवा नेट तपासा. भलतंच उमटलं, तर भाषेचं सेटिंग, उच्चार किंवा गोंगाट. तुम्ही म्हणालात तसंच उमटलं आणि तरी काम झालं नाही, तर वाक्याची घडण बदलायला हवी. हे न बघता तेच वाक्य मोठ्यानं ओरडून सांगण्यात आमचा पहिला आठवडा गेला.

भाषेचं सेटिंग

फोनची भाषा आणि सहायकाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन इंग्रजीत ठेवून सहायक मराठीत ठेवता येतो. गूगल असिस्टंटला मराठी २०१८ पासून येते. गूगलच्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, सेटिंग, मग असिस्टंट, मग भाषा. कंपनीप्रमाणे नावं थोडी इकडंतिकडं असतात. तिथं आधी कुठली भाषा आहे ते बघा. दुकानात फोन सुरू करून देणाऱ्यानं ती हिंदी किंवा इंग्रजी ठेवलेली असण्याची शक्यता बरीच.

दुसरी भाषाही जोडता येते. आपल्याकडं बहुतेकांना कन्नड जोडावीशी वाटते, पण घाई करू नका. दोन भाषा ठेवल्या की यंत्र दर वाक्याला ही कुठली भाषा असेल याचा अंदाज बांधतं, आणि आपल्या एका वाक्यात मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही नांदत असतात. पहिले पंधरा दिवस फक्त मराठी ठेवा. हात बसला की दुसरी जोडा.

नव्या फोनवर असिस्टंटची जागा हळूहळू गूगलचाच नवा सहायक जेमिनी घेत आहे. जेमिनीचं ॲप भारतात जून २०२४ मध्ये आलं ते मराठी आणि कन्नडसह नऊ भारतीय भाषांत. लांब आणि भेसळीचं वाक्य तो जास्त समजून घेतो, मात्र चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतो. आणि आजीसाठी बोलका स्पीकर घ्यायचा विचार असेल तर आधी एक जाणून घ्या: ॲमेझॉनच्या स्पीकरमधली ॲलेक्सा भारतात इंग्रजी आणि २०१९ पासून हिंदी बोलते, मराठी नाही. आजीला हिंदी जमत नसेल तर ते पैसे सध्या वाचवा.

नावं अशी सेव्ह करा की प्रत्यय लागला तरी बदलणार नाहीत

सगळ्यात जास्त फायदा आम्हाला इथं झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सासऱ्यांच्या फोनमध्ये धाकट्या दिराचं नाव "धाकटा" म्हणून होतं. ते म्हणायचे, "धाकट्याला फोन लाव." पडद्यावर अक्षरं बरोबर उमटायची, तरी यंत्र म्हणायचं असं नाव यादीत नाही. कारण कळायला वेळ लागला. मराठीत प्रत्यय लागला की शब्दच बदलतो. धाकटाचं धाकट्याला होतं, मुलगाचं मुलाला, भाऊचं भावाला, सूनचं सुनेला. यंत्र "धाकट्या" शोधत होतं आणि यादीत "धाकटा" होता.

म्हणून "ला" लावून बघा आणि जे नाव जसंच्या तसं राहतं तेच ठेवा. दादा, दादाला. आक्का, आक्काला. मामी, मामीला. काका, काकाला. आम्ही "धाकटा" काढून "दादा" ठेवलं आणि पहिल्याच हाकेला फोन लागला. त्या दिवशी सासऱ्यांनी दिराला कारण नसताना तीनदा फोन केला.

आणखी काही गोष्टी. सहायक मराठीत असेल तर नावंही देवनागरीत लिहा. आपल्या याद्यांत एक नाव इंग्रजीत, एक कन्नड लिपीत, एक नुसत्या टिंबांचं, असा प्रकार असतो. नावापुढची चित्रं काढून टाका. पाच काका असतील तर "काका येळ्ळूर", "काका अनगोळ" असं करण्यापेक्षा "थोरलेकाका", "नानाकाका", "दुकानकाका" अशी सुरुवातीलाच वेगळी ऐकू येणारी नावं द्या. गूगलच्या संपर्कयादीत टोपणनावाची वेगळी जागा असते, तिथं घरातली हाक लिहून ठेवा. पाचच नावं निवडा, प्रत्येक नाव तीनदा हाक मारून तपासा, आणि तिन्ही वेळा लागलं तरच ते पक्कं धरा.

बोली बदलू नका, आज्ञार्थ वापरा

"जातोय" ऐवजी आपण "जाऊलालोय" म्हणतो, "काय करतोयस" ऐवजी "काय करूलालास". छापील मराठीत हे रूप नाही, त्यामुळं यंत्राच्या कानावर ते फारसं पडलेलं नाही. "करूलालास" तिथं हमखास तुटतं आणि त्याचे तुकडे करून यंत्र भलतेच शब्द जुळवतं.

यावर घरोघरी मुलं आजी-आजोबांना "नीट शुद्ध बोला" म्हणून सांगतात. कृपा करून तसं सांगू नका. त्याची गरजही नाही. यंत्राला काम सांगायला चालू वर्तमानकाळ लागतच नाही, आज्ञार्थ लागतो. आणि आज्ञार्थ पुण्यात आणि येळ्ळूरात एकच आहे. फोन लाव. गजर लाव. टॉर्च बंद कर. आवाज वाढव. म्हणजे आपल्याच बोलीतला दोन्हीकडं सारखा असलेला भाग तेवढा निवडायचा.

सासऱ्यांना नुसतं "लाव" म्हणणं उद्धट वाटायचं. ते "लाव की जरा" म्हणायचे, कारण आपल्याकडं "की" लावल्यानं बोलणं मऊ होतं. मी त्यांना सांगितलं, मऊपणा माणसांसाठी राखून ठेवा. शेवटचा "की" आणि मधला "जरा" गेल्यावर कामं निम्म्या वेळात व्हायला लागली.

वाक्य चार-पाच शब्दांचं, एका वाक्यात एकच काम. वेळ सांगताना पहाटे किंवा संध्याकाळी हा शब्द सोडू नका: "पहाटे साडेपाचचा गजर लाव." मग लगेच विचारा, "गजर कधीचा आहे?" ज्याला पडदा दिसत नाही त्याला खात्री करायचा हाच मार्ग. फोननंबर सांगायचा झाला तर एकेक आकडा सुटा सांगा.

मराठी म्हणजे महाराष्ट्र, असं यंत्र धरून चालतं

सीमाभागातल्या माणसाला सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकतं ते हे. मराठीत विचारलं की उत्तर बहुतेक वेळा महाराष्ट्राचं येतं, कारण मराठीत लिहिलेला मजकूर मुख्यतः तिकडचाच. उत्तर तिकडच्यासाठी बरोबरही असतं. तुमच्यासाठी ते चुकीचं असतं, आणि हे यंत्र सांगत नाही.

जमिनीचा उतारा कसा काढायचा असं विचाराल तर सातबारा आणि महाराष्ट्राचं संकेतस्थळ समोर येईल. आपला उतारा म्हणजे पहाणी, म्हणजेच आरटीसी, आणि तो कर्नाटकच्या 'भूमी' व्यवस्थेत मिळतो. बायकांसाठी महिन्याला पैसे देणारी योजना विचारली तर लाडकी बहीण आणि १५०० रुपये ऐकू येतील. आपल्याकडं आहे ती गृहलक्ष्मी, कुटुंबप्रमुख बाईला २००० रुपये, ऑगस्ट २०२३ पासून. विजेची तक्रार विचारली तर महावितरण येतं. आपली कंपनी हेस्कॉम. बसचंही तेच. तिकडं एसटीत बायकांना अर्धं तिकीट, इकडं जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेमुळं राज्याच्या साध्या बसमध्ये बायकांना मोफत. पण निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य बसला 'शक्ती' लागू नाही, हे चुकलं तर भर बसमध्ये पैसे मोजायची वेळ येते.

उपाय सोपा आहे. सरकारी कामाच्या प्रत्येक प्रश्नाची सुरुवात "कर्नाटक" या शब्दानं करा आणि योजनेचं इथलं नाव घ्या. "कर्नाटक भूमी पहाणी कशी काढायची?" उत्तर मराठीत धड आलं नाही तर तोच प्रश्न कन्नडमध्ये विचारायला शेजारच्या पोराला सांगा. माहिती मुळात त्या भाषेत आहे, त्यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही.

गावांच्या नावांचाही असाच घोळ. खानापूर नावाचा तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. शहापूर बेळगावात आहे तसं ठाणे जिल्ह्यातही आहे आणि कर्नाटकातच यादगीरकडंही. वडगावं तर किती ते मोजायलाच नको. खानापूरला पाऊस आहे का असं विचारून विट्याकडचं हवामान ऐकाल आणि जांबोटीच्या वाटेला छत्रीशिवाय लागाल. म्हणून "बेळगाव खानापूर" असं जोडून म्हणा. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळं नकाशात "बेळगाव" म्हणून एखादी जागा सापडली नाही तर "बेळगावी" म्हणून बघा. घर, शेत, दवाखाना या जागा नकाशात एकदाच खूण करून ठेवल्या तर रोज नावं घ्यायलाच नकोत.

गोंगाट आणि नेट

बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबागेत घराघरात माग. मागाच्या खडखडाटात यंत्राला काही ऐकू येत नाही. दुसऱ्या खोलीत जा, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरा, टीव्हीवरची मालिका बंद करा. खानापूरच्या पुढं जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याकडं रेंज जाते आणि बहुतेक सहायक नेटशिवाय लंगडे पडतात. त्या वाटेनं जाणाऱ्यांच्या फोनवर दोन-तीन नंबरांचे शॉर्टकट पहिल्याच पानावर मोठे करून ठेवा.

आवाजावर सोडू नयेत अशी कामं

औषधाचा डोस यंत्राला विचारू नका. पैसे पाठवायचं काम, समोर वाचून खात्री करणारं माणूस नसेल तर, आवाजानं करू नका. बँकेचा किंवा गॅसचा "कस्टमर केअर नंबर" सहायकाकडून शोधून घेऊ नका. तिथं भामट्यांनी पेरलेले नंबर येतात आणि वडीलधारी माणसं त्यातच फसतात. बिलावर, पासबुकावर, कार्डाच्या मागं छापलेला नंबरच लावा. आणीबाणीला ११२ हा नंबर हातानं लावायचा सराव त्यांच्याकडून करून घ्या, बटणं चाचपून का होईना. छातीत कळ आली असताना "समजलं नाही, पुन्हा सांगा" हे ऐकायची वेळ कुणावर येऊ नये.

आपला आवाज तिथं पोचवा

भारतीय भाषा यंत्राला शिकवायच्या केंद्र सरकारच्या 'भाषिणी' प्रकल्पात 'भाषादान' नावाची सोय आहे. त्यातल्या 'बोलो इंडिया'त समोर आलेलं वाक्य आपल्या आवाजात वाचून द्यायचं असतं. मराठीही आहे, कन्नडही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस' या आवाज गोळा करणाऱ्या प्रकल्पातही मराठी आहे. वाक्यं छापील भाषेतली असतात, त्यामुळं "जाऊलालोय" लगेच यंत्राला कळेल असं नाही. पण उच्चार, हेल, श्वास घ्यायची जागा आपली जाते. या साठ्यात बेळगावकडचे, त्यातही साठीपुढचे आवाज जायला हवेत असं मला मनापासून वाटतं. सासूबाई दुपारी भांडी आवरून झाली की दहा वाक्यं वाचतात. सासऱ्यांना वाचता येत नाही, म्हणून मी वाक्य हळू वाचते आणि ते मागून म्हणतात.

त्यांच्या पलंगाशेजारी आता एक पुठ्ठा टांगलाय, घरात येणाऱ्या पोरांना कळावं म्हणून. त्यावर ठळक अक्षरांत पाच ओळी आहेत: दादाला फोन लाव. आक्काला फोन लाव. पहाटे साडेपाचचा गजर लाव. आज वार कुठला? बेळगावात उद्या पाऊस आहे का? सहावी ओळ परवा त्यांनी सांगून लिहून घेतली: जुने अभंग लाव.