मित्रांच्या गावांवरून युरोपचा रेल्वेप्रवास

पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत एकत्र शिकलेली मंडळी आज नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स अशा देशांत नोकरीनिमित्त स्थिरावली आहेत आणि त्यांना भेटायला जायचे ठरले की आपल्यापैकी बहुतेक जण प्रथम नकाशा उघडतात. माझ्या मते आखणीची गाठ तिथेच चुकीची बसते. आधी प्रत्येक मित्राला त्याची सवड विचारावी आणि मगच नकाशा उघडावा, कारण मोठ्या शहरांमधून गाड्या रोज सुटतात, आजची नाही तर उद्याची मिळते, पण मित्राचा मोकळा शनिवार आपल्यासाठी सरकत नाही.

समजा, एक मित्र नेदरलँड्समधल्या उत्रेख्तला, दुसरा म्युनिकला आणि एक मैत्रीण झुरिकला आहे, आणि परतीचे विमान पॅरिसहून आहे. हाती दोन आठवडे असतील तर शनिवार-रविवार दोनच मिळतात. ते कोणाकडे घालवायचे हे सर्वांशी बोलून ठरवावे आणि तिसऱ्या घरी कामाच्या दिवसांत राहायचे असेल, तर तिथे भेट संध्याकाळचीच होणार हे मान्य करून जावे. लांबचे प्रवास मंगळवार-बुधवारी ठेवावेत, म्हणजे सुट्टीचा दिवस गाडीत जात नाही. स्थानिक दिनदर्शिकाही पाहावी. 27 एप्रिलला नेदरलँड्समध्ये राजाचा वाढदिवस रस्त्यारस्त्यांवर साजरा होतो, 1 ऑगस्ट हा स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन असतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट चालतो. या दिवसांत मजा असते हे खरे, परंतु गाड्या आणि राहण्याच्या जागा दोन्ही भरलेल्या असतात.

व्हिसाचा अर्ज याच आराखड्यावर उभा राहतो. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे या सर्व देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशातून प्रथम प्रवेश करणार त्याच्याकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. मित्राकडे राहणार असाल तर त्याचे निमंत्रणपत्र आणि निवासपरवान्याची प्रत सोबत जोडावी. प्रत्येक देशाची पद्धत मात्र वेगळी आहे. फ्रान्समध्ये घरी पाहुणा ठेवणाऱ्याला आपल्या नगरपालिकेतून तसे अधिकृत प्रमाणपत्र काढावे लागते, तर जर्मनीत आपला खर्च मित्र उचलणार असेल तर त्याला सरकारी कार्यालयात तशी हमी लिहून द्यावी लागते. या कागदांसाठी मित्राला कामातून वेळ काढून कार्यालयात जावे लागते, त्यामुळे त्याला दोन-तीन महिने आधी सांगणे हेच सौजन्याचे. लंडनलाही कोणी मित्र असेल, तर ब्रिटनचा व्हिसा स्वतंत्र काढावा लागतो.

आता तिकिटांचा प्रश्न. युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल हा रेल्वेचा पास आहे आणि तो 33 देशांत चालतो. युरोपात राहणाऱ्या मित्राला, तो भारतीय नागरिक असला तरी, इंटररेल पास घ्यावा लागतो. अनेक जण डोळे झाकून पास घेतात, परंतु आधी बोटांवर मोजून पाहावे. वरच्या उदाहरणात लांबचे प्रवास तीनच आहेत: उत्रेख्त ते म्युनिक, म्युनिक ते झुरिक आणि झुरिक ते पॅरिस. सर्व देशांत चालणारा सर्वांत लहान पासही एका महिन्यातल्या चार प्रवासदिवसांचा, म्हणजे गाडीने प्रवास करता येईल अशा चार दिवसांचा, असतो. तारखा पक्क्या असतील तर ही तीन तिकिटे काही आठवडे आधी काढलेली सहसा स्वस्त पडतात. मात्र अशा सवलतीच्या तिकिटावर ठरलेल्या गाडीनेच जावे लागते. मित्र पाच-सहा असतील, किंवा कोणाची सुट्टी ऐनवेळी बदलण्याची शक्यता असेल, तर पासचे मोल कळते. पास असला तरी आरक्षणाचे वेगळे पैसे काही ठिकाणी द्यावेच लागतात. फ्रान्सच्या तेजेवे (TGV), इटलीच्या फ्रेचारोसा आणि स्पेनच्या अशा वेगवान गाड्या, तसेच लंडनला जाणारी युरोस्टार यांत आरक्षण सक्तीचे आहे, तर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या देशांतर्गत गाड्यांत बहुतेकदा ते ऐच्छिक असते. झुरिक ते पॅरिस हा चार तासांहून थोडा अधिक लागणारा प्रवास तेजेवेने होतो, म्हणून ते आरक्षण सर्वांत आधी करावे.

उत्रेख्तहून फ्रँकफुर्टला थेट गाडी मिळते आणि तिथे बदलून म्युनिकला जाता येते. वेळापत्रकात दोन गाड्यांमध्ये दहा मिनिटांचे अंतर दाखवलेले असते आणि ते पाहून आपणही खूश होतो. मी एकदा अशाच दहा मिनिटांवर विसंबलो, पहिल्या गाडीला पंचवीस मिनिटे उशीर झाला आणि म्युनिकच्या मित्राने माझ्यासाठी वाढलेले ताट रात्री अकरापर्यंत झाकून ठेवले. तेव्हापासून मी मधे किमान पाऊण तास ठेवतो. संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकत्रच काढावे, म्हणजे उशिरामुळे पुढची गाडी चुकल्यास नंतरच्या गाडीने जाण्याचा हक्क राहतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार मुक्कामी पोहोचायला तासाहून अधिक उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांहून अधिक झाल्यास निम्मे भाडे सहसा परत मागता येते.

जर्मन फलाटावर उभे राहण्याचीही एक रीत आहे. फलाटाच्या लांबीवर ए, बी, सी अशी अक्षरांची फलके टांगलेली असतात आणि कोणता डबा कोणत्या अक्षरापाशी थांबेल हे सूचनाफलकावर दाखवलेले असते. गाडी दोन-चार मिनिटेच थांबते, तेव्हा सामान ओढत अख्खा फलाट धावण्यापेक्षा आधीच त्या अक्षराखाली जाऊन उभे राहावे. शिवाय काही गाड्या दोन जोडलेल्या गाड्यांच्या असतात आणि वाटेत त्या सुटून वेगवेगळ्या गावांना जातात. म्हणून डब्याच्या दाराशेजारचे गावाचे नाव वाचूनच आत पाऊल टाकावे.

सामानाविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे आपली माणसे हटकून चुकतात. विमानात तेवीस किलो नेता येते म्हणून तेवढे भरले जाते, पण फलाटावर हमाल नसतो, गाडीच्या पायऱ्या आपल्यालाच चढायच्या असतात आणि हॉलंडमधल्या जुन्या घरांचे जिने तर इतके उभे आणि अरुंद असतात की मोठी बॅग वळणावर अडकते. एक मोठी घेण्याऐवजी दोन मध्यम बॅगा घ्याव्यात, आणि मित्रांसाठी आणलेला खाऊ घरागणिक वेगळ्या पिशवीत बांधावा, म्हणजे प्रत्येक मुक्कामी ओझे कमी होत जाते.

खाऊचेही नियम आहेत. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा, श्रीखंड घरीच ठेवावे. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, त्यामुळे हापूस आणि ओला कढीपत्ता बॅगेत नको. नारळाला मात्र या दाखल्यातून सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, थालीपीठाची भाजणी, कुळथाचे पीठ, शेंगदाण्याची चटणी नेण्यास हरकत नाही. गोड्या मसाल्याची पुडी परदेशातल्या स्वयंपाकघरात उघडली की घरातली सगळी माणसे एकामागून एक तिथे येऊन उभी राहतात, हे मी पाहिले आहे.

मित्राच्या घरी पोहोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: किल्लीची व्यवस्था, त्याच्या कामाच्या बैठकांच्या वेळा आणि कचरा वेगळा करण्याची पद्धत. घरून काम करणाऱ्या मित्राच्या घरात दिवसभर बसून राहू नये, शहर एकट्याने पाहावे आणि संध्याकाळी घरी यावे. जर्मनीत रात्री दहानंतर शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये याची काळजी कसोशीने घेतली जाते, म्हणून जुन्या गप्पा रंगल्या तरी आवाज खाली ठेवावा. रविवारी तिथली दुकाने बंद असतात. भाजी-दूध शनिवारीच आणून द्यावे आणि त्याचे पैसे आपणच भरावेत.

शनिवारी मित्रांबरोबर जवळपास फिरायला जाताना पासचा प्रवासदिवस खर्ची घालू नये. म्युनिकहून एकत्र पाच जणांपर्यंत चालणारे बायर्न तिकीट मिळते (बायर्न म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे ते बव्हेरिया). ते दिवसभर प्रादेशिक गाड्यांत चालते, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून आणि इतर दिवशी सकाळी नऊपासून वापरता येते आणि सीमेपलीकडच्या, ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गलाही नेते. वेगवान गाड्यांत ते चालत नाही, पण मित्रांबरोबरच्या प्रवासात सावकाश गाडीच बरी. गप्पांना दोन तास अधिक मिळतात.

निघण्याच्या दिवशी अंथरुणाची चादर काढून द्यावी, किल्ली हातात द्यावी आणि मित्राने डब्यात दशम्या बांधून दिल्या तर नको म्हणू नये. गाडीत स्वतःचे खाणे खाण्यास कोणाची आडकाठी नसते. गाडी सुटली की पुढच्या घरी पोहोचण्याच्या वेळेबरोबर गाडीचा क्रमांकही कळवावा, म्हणजे झुरिकची मैत्रीण तिच्या फोनवर उशीर स्वतःच पाहू शकेल आणि कुकर त्या बेताने लावील.