जळालेली जुनी गाडी गॅरेजला देताना, आणि गॅरेजशी वाद झाल्यावर

आमच्या आप्पांची मॅटाडोर १९७३ च्या नोंदणीची. आप्पा तिच्यातून पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळलेले भोपळे मिरजेला आणायचे, सतारी आणि तंबोऱ्यांसाठी. भोपळा वजनाला हलका, पण जागा फार खातो, आणि एकमेकांवर आदळला की तडकतो. म्हणून आप्पांनी छताच्या आतल्या पाचही कमानींना लोहाराकडून कड्या बसवून घेतल्या होत्या. भोपळे जाळ्यांत भरायचे आणि जाळ्या त्या कड्यांना टांगायच्या. कड्या हातानं घडवलेल्या, एक दुसरीसारखी नाही. डाव्या बाजूची तिसरी कडी थोडी पिळलेली होती, लहानपणी मी तिला धरून लोंबकळायची.

डिसेंबर २०२३ मध्ये गाडीला आग लागली. टेपरेकॉर्डरसाठी कुणीतरी कधीतरी बॅटरीवरून थेट वायर ओढली होती आणि मध्ये फ्यूज टाकला नव्हता. डॅशबोर्ड, पुढची सीट, समोरची काच आणि छताचा पुढचा भाग जळला. पुढचं दीड वर्ष माझं एका गॅरेजशी भांडण चाललं. शाळेत बत्तीस वर्षं शिकवल्यामुळे लिहून ठेवायची सवय होती, तिनंच मला तारलं. तरी काही गोष्टी मी उशिरा शिकले. तुमच्या गाडीवर अशी वेळ आली तर त्या पहिल्या दिवसापासून माहीत असाव्यात म्हणून लिहिते.

गाडी धुवायच्या आधी

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मग फोटो काढा, भरपूर काढा. चारही बाजू, आतून छत, बॉनेटखाली, चासी नंबर, इंजिन नंबर. जळलेल्या प्रत्येक भागाशेजारी स्टीलची पट्टी धरून एक फोटो जवळून आणि एक लांबून घ्या. मी कमानींचे फोटो घेताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणून धरली होती, म्हणजे कमान कुठं किती झुकली ते दिसावं. तेव्हा ते सहज सुचलं. पुढं याच सहा फोटोंवर माझी सगळी केस उभी राहिली.

अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा दाखला मागून घ्या. विमा सर्वसमावेशक असेल तर कंपनीला लगेच कळवा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडी धुऊ नका. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आगीचं काहीच मिळत नाही. माझा तसाच होता.

हे उरकलं की मात्र एक दिवसही दवडू नका. वायरींवरचं पीव्हीसी जळलं की धुरात हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. ते काजळीबरोबर सगळ्या पत्र्यावर बसतं, जिथं आग पोचलीच नाही तिथंही. अग्निशामकाची पावडर ओल लागली की पत्रा खायला लागते. म्हणून आधी कोरडी पावडर व्हॅक्यूमनं ओढून घ्या. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून पत्रा पुसा, साध्या पाण्यानं दोनदा धुवा, ब्लोअरनं वाळवा आणि उघड्या लोखंडाला तेलाचा हात फिरवा. हे गॅरेजकडून करून घ्यायचं असेल तर पहिल्या तीन दिवसांत करायचं, असं लिहून घ्या. माझ्या गाडीची काजळी कुणी धुतलीच नाही. तिच्यावरच प्रायमर मारला, आणि पहिल्या पावसाळ्यातच रंगाखाली फोड आले.

काय वाचू शकतं, हे आधी स्वतः बघा

जळालेल्या गाडीचा मिस्त्री बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: “बाई, यात काही राहिलं नाही, नवीन पत्रा मारू.” ते खरंही असू शकतं. पण कुठं किती उष्णता झाली ते गाडीच सांगते, फक्त बघायची सवय हवी.

दाराच्या कड्या, हँडल बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. तो साधारण ३८५ अंशाला वितळतो. ॲल्युमिनियम ६६० अंशाला. माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या दाराचं हँडल मेणासारखं ओघळलं होतं, पण त्याच्या वरची ॲल्युमिनियमची पट्टी सरळ उभी होती. म्हणजे त्या जागी उष्णता या दोन आकड्यांच्या मध्ये होती. उघड्या, स्वच्छ लोखंडावर रंगाची झाक येते: २२० ते २३० अंशाला गवती पिवळी, ३०० च्या आसपास निळी. मी कड्यांचे स्क्रू सोडून खालचं उघडं लोखंड पाहिलं. दुसऱ्या कमानीवर निळी झाक होती. तिसरी, चौथी आणि पाचवी कमान नुसती काळी झाली होती, फडक्यानं पुसल्यावर खालचा जुना रंग निघाला. फक्त पहिल्या कमानीवर राखाडी खपल्या धरल्या होत्या आणि ती सुतळीपासून बोटभर खाली आली होती.

साधं पोलाद ३०० अंश सोसून गार झालं तर त्याची ताकद जात नाही. सहाशेच्या वर मामला वेगळा, तिथं पातळ पत्रा वेडावाकडा होतो आणि त्यावर खपल्या येतात. म्हणजे पाचांतल्या चार कमानी वाचणाऱ्या होत्या. हे मी गाडी देण्याआधी कागदावर लिहिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं.

कमान पाट्यांचं, म्हणजे चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं, गणित वेगळं आहे. ते पाणी दिलेलं, म्हणजे तापवून विझवून कडक केलेलं, पोलाद असतं. चार-पाचशे अंशांत त्याचं पाणी उतरतं, वरून काही दिसत नाही, आणि भार पडला की पाटा बसतो. आग चाकांपर्यंत गेली असेल तर पाटे तपासून घ्या. ब्रेकचे होज, सिलिंडरची रबरं, इंधनाच्या नळ्या, आणि जळल्या भागातून गेलेली सगळी वायरिंग वाद न घालता नवी घाला. चासीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजून लिहून ठेवा. ते सारखे असतील तर चासी तिरकी झालेली नाही, एवढं तरी दाखवता येतं.

जॉब कार्ड

जॉब कार्ड म्हणजे गाडीवर काय काम करायचं ते लिहिलेला गॅरेजचा कागद. माझी चूक इथं झाली. गॅरेजवाल्यानं छापील एस्टिमेटवर लिहिलं, ‘बॉडी काम, रंग, वायरिंग, एकूण २,४०,०००’, आणि मी एक लाख ॲडव्हान्स देऊन आले. ‘बॉडी काम’ या दोन शब्दांत पत्रा ठोकून सरळ करणंही बसतं आणि छत कापून फेकणंही.

गाडी पन्नाशीच्या पुढची असेल तर हा फरक नुसता भावनेचा राहत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. त्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. माझी गाडी २०२३ मध्येच पन्नास वर्षांची झाली होती. मी त्याच अर्जाच्या तयारीत होते. हे मी गॅरेजवाल्याला तोंडी सांगितलं होतं, कागदावर कुठंच नव्हतं.

एप्रिलमध्ये मी गॅरेजवर गेले तेव्हा छताचा पुढचा अर्धा भाग कापलेला होता. चार कमानी गेल्या होत्या. त्यांच्या जागी चौकोनी पाइप वेल्ड केले होते. मी कड्या कुठं आहेत विचारलं. पोरगा म्हणाला, “भंगारवाला आला होता काल.”

त्या दिवशी मी ओरडले, रडले आणि घरी आले. तुम्ही ओरडू नका. फोटो काढा, आणि त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहा: आज अमुक तारखेला मी गाडी पाहिली, अमुक भाग माझ्या परवानगीशिवाय कापलेला आहे, काढलेले सगळे भाग जपून ठेवावेत, पुढचं बॉडी काम माझ्या लेखी होकाराशिवाय करू नये. शिवीगाळ नको, धमकी नको. मी हा मेसेज तिसऱ्या दिवशी पाठवला. तेवढ्यानंही भंगारवाल्याकडून दोन कमानी परत आल्या, एक तुटकी, एक धड.

“बिल भरा, मग गाडी न्या”

जुलैत बिल आलं ३,८५,००० चं. वाढलेल्या १,४५,००० ला माझा होकार नव्हता. पैसे पूर्ण भरल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं सांगण्यात आलं.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० कारागिराला हा हक्क देतं. ज्या वस्तूवर त्यानं मेहनत केली ती मजुरी मिळेपर्यंत तो ठेवून घेऊ शकतो. पण काम ठरल्याप्रमाणे झालेलं असेल, आणि जी मजुरी देय आहे तिच्यापुरताच. तुम्ही न सांगितलेल्या कामाची मजुरी देय आहे का, हाच तर वाद असतो. आणि तोवर गाडी तिथं पावसात उभी असते. कलम १५१ प्रमाणे दुसऱ्याची वस्तू आपल्या वस्तूसारखी सांभाळायची जबाबदारीही गॅरेजवरच येते, हे पत्रात जरूर लिहा.

माझं मत स्पष्ट आहे: ऐपत असेल तर पैसे भरा आणि गाडी घरी आणा. पण हरकत राखून भरा. बँकेतून भरा, रोख नको. आणि आधी लेखी कळवा की ही रक्कम मला मान्य नाही, गाडी सोडवून घेण्यापुरती देत आहे, परत मागण्याचा हक्क राखून ठेवते. ‘काम समाधानकारक, गाडी मिळाली’ असा छापील शिक्का बिलाखाली असतो. त्यावर सही करायची वेळ आली तर शेजारी स्वतःच्या अक्षरात ‘हरकत राखून’ लिहा. मी लिहिलं. गॅरेजवाला चिडला, पण किल्ली दिली. पैसे भरणं शक्यच नसेल तर ग्राहक आयोगाकडे तक्रारीबरोबर गाडी सोडण्याचा अंतरिम आदेश मागता येतो.

गाडी घरी आली की लगेच दुसऱ्या मिस्त्रीच्या हाती देऊ नका. आधी त्रयस्थ माणसाकडून तपासणी करा. मी परवानाधारक सर्व्हेअरला फी देऊन बोलावलं. त्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवलं. पाठच्या जुन्या पत्र्यावर आकडा १५० मायक्रॉनच्या आत होता. छताच्या जोडावर यंत्राची मर्यादाच संपली, तिथं लोहचुंबकही चिकटत नव्हता. म्हणजे वेल्डिंगचा वाकडेपणा नुसत्या लांबीनं, म्हणजे रंगाआधी खड्डे बुजवायच्या पुटीनं, भरलेला होता. लांबीचा दोन-तीन मिलिमीटर थर चालतो, इथं अंगठ्याएवढा थर होता. सर्व्हेअरांनी हे मोजमाप, तारीख आणि फोटोंसह लेखी दिलं.

आयोगाकडे

आधी नोटीस पाठवा, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची मुदत देऊन. काय ठरलं, काय झालं, किती पैसे हवेत, एवढंच. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करता येते. माझं तिथं मिटलं नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले.

गॅरेज दुसऱ्या जिल्ह्यात होतं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो तिथंही तक्रार करता येते, म्हणून मी सांगलीत केली. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वकील सक्तीचा नाही. आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. गाडी धंद्यासाठी वापरत असाल तर मात्र आधी सल्ला घ्या, कारण व्यापारी कामासाठी घेतलेल्या सेवेत तुम्ही ‘ग्राहक’ ठरता की नाही यावरच पहिला आक्षेप येतो. व्हॉट्सॲपच्या छापील प्रतींना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा, आणि तो फोन विकू नका.

समोरच्यानं उत्तरात लिहिलं, कमानी उष्णतेनं निकामी झाल्या होत्या. मी सुतळीचे फोटो, दाराचं हँडल, ॲल्युमिनियमची पट्टी आणि परत आलेली ती धड कमान पुढं ठेवली. त्यानंतर ते मध्यस्थीला तयार झाले. मध्यस्थांनी मला विचारलं, तुम्हाला नक्की काय हवं? पैसे की छत? याचं उत्तर आधीच ठरवून जा. मी म्हटलं, दोन्ही कमानी माझ्याकडे आहेत, उरलेल्या त्याच मापानं घडवायचा आणि काजळी काढून पुन्हा रंगवायचा खर्च द्या. १,६०,००० वर मिटलं, दोन हप्त्यांत, तारखांसह. दोन्ही आले.

आता गाडी दुसरीकडे दिली आहे. हे मिस्त्री वयानं माझ्याहून मोठे आहेत, त्यांनी ती धड कमान हातात घेऊन कडीचा पीळ बोटानं चाचपला आणि विचारलं, “हे कुणाच्या हातचं?” तरीही जॉब कार्ड मीच लिहिलं, आणि त्यांनी वाचून सही केली. त्याच्या पहिल्या ओळी तुम्ही तशाच उतरवून घेऊ शकता:

‘चासी, बॉडी शेल, इंजिन बदलायचे नाही. कोणताही मूळ भाग कापण्यापूर्वी फोटो पाठवून मालकाचा लेखी होकार घ्यायचा. काढलेला प्रत्येक भाग, जळका असला तरी, चिठ्ठी लावून मालकाला परत द्यायचा. एस्टिमेटपेक्षा जास्त खर्च आधी लेखी कळवून. डावीकडची तिसरी कडी सरळ करायची नाही.’