आपली टीम हरल्यावर सामन्याचं विश्लेषण कसं करावं

फुटबॉलमध्ये आपली टीम हरली की त्या रात्री चाहत्याकडे एकच काम उरतं, दोषी शोधणं. कोच, गोलकीपर, सोपी संधी घालवणारा फॉरवर्ड, कुणीतरी सापडतोच. पण हरण्याचं कारण बहुतेक वेळा गोल होण्याच्या कितीतरी आधी मैदानावर दिसायला लागलेलं असतं. ते शोधायची एक रीत आहे आणि ती कुणालाही जमते. कोचिंगचा परवाना लागत नाही. सामन्याचं रेकॉर्डिंग, वही आणि थोडा धीर पुरतो.

मी जर्मनीचा चाहता. म्हणून उदाहरण घेतो मला सर्वात जास्त लागलेल्या पराभवाचं: कतारचा वर्ल्ड कप, २३ नोव्हेंबर २०२२, खलिफा स्टेडियम, जर्मनी १, जपान २. मध्यंतराला आपण पुढे होतो. मग जपानकडून ७५व्या मिनिटाला रित्सू दोआनचा गोल, ८३व्या मिनिटाला ताकुमा असानोचा, आणि सामना गेला.

पायरी १ : राग प्रश्नांच्या रूपात लिहा

सामना संपल्यावर डोक्यात येईल ते लिहून काढा, पण प्रत्येक आरोपाचा प्रश्न करा. ‘बचावपटू श्लॉटरबेकमुळे हरलो’ असं न लिहिता ‘असानोला चेंडू मिळाला तेव्हा श्लॉटरबेकच्या मदतीला कोण होतं?’ असं लिहा. ‘कोच फ्लिकने गुंडोआनला काढायलाच नको होतं’ याऐवजी ‘६७व्या मिनिटाच्या आधी आणि नंतर मधल्या फळीत काय बदललं?’ असं. आरोपाला पुरावा शोधताना आपल्याला हवं तेच दिसतं. प्रश्न असला की नजर मोकळी राहते. मग एक-दोन दिवस जाऊ द्या.

पायरी २ : दोन आकृत्या काढा

टीव्हीवर सुरुवातीला जी फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) दाखवतात, तिच्यावर फार विसंबू नका. चेंडू आपल्याकडे असताना खेळाडू कुठे उभे राहतात आणि नसताना कुठे, अशा दोन वेगळ्या आकृत्या वहीत काढा. गोल किक, थ्रो-इन किंवा खेळ थोडा थांबलेला असताना कॅमेरा मागे जातो, तेव्हा रेकॉर्डिंग थांबवून खेळाडू मोजा.

त्या दिवशी कागदावर जर्मनी ४-२-३-१ होती, म्हणजे मागे चार बचावपटू, मधे दोन, त्यांच्यापुढे तीन आणि सर्वात पुढे एक. प्रत्यक्षात चेंडू पायात आला की डावा फुलबॅक (कडेचा बचावपटू) राउम पार पुढे जायचा, उजवीकडचा झ्यूले मागेच थांबायचा आणि रुडिगर, श्लॉटरबेक यांच्याबरोबर तिघांची फळी व्हायची. मुसियाला डावीकडून आत यायचा. जपानचा उजवा बॅक साकाई त्याच्यामागे आत ओढला जायचा आणि बाहेर राउम मोकळा. पहिला अर्धा तास हे पुन्हा पुन्हा झालं. पेनल्टी मिळाली तीही अशीच: किमिखचा पास, मोकळा राउम, जपानच्या गोलकीपर गोंडाची चूक आणि ३३व्या मिनिटाला गुंडोआनचा गोल.

हरलेल्या सामन्यातही आपलं काय चाललं होतं ते आधी नीट समजून घ्या. ते कधी बंद पडलं, हाच तर पुढचा प्रश्न आहे.

पायरी ३ : सामना कुठे वळला ते मिनिट शोधा

ही पायरी सर्वात महत्त्वाची, इथे घाई करू नका. सामन्याचे तुकडे पाडा: सुरुवात ते पहिला गोल, मध्यंतरापर्यंत, आणि मग दोन्ही टीमच्या प्रत्येक बदलानंतरचा काळ. प्रत्येक तुकड्यासाठी एकच गोष्ट नोंदवा: आपल्याला मोकळा माणूस कुठे सापडत होता आणि त्यांना कुठे.

जपानचे कोच हाजिमे मोरियासू यांनी मध्यंतराला विंगर (कडेने हल्ला करणारा) कुबोला काढून बचावपटू तोमियासूला आणलं. मागे असलेली टीम बचावपटू वाढवते म्हटल्यावर कुणालाही वाटेल की ते आता पराभव लहान ठेवायला बघतायत. झालं उलटंच. मागे तिघं आल्यामुळे साकाईला मुसियालाच्या मागे आत जायची गरज उरली नाही. तो बाहेर थांबून थेट राउमवर जाऊ लागला. पुढचे तिघं जपानी आपल्या मागच्या तिघांसमोर एकास एक उभे राहिले. आपला मोकळा माणूस नाहीसा झाला आणि त्यांचं प्रेसिंग, म्हणजे चेंडू असलेल्यावर लगेच धावून जाऊन दबाव टाकणं, जागेवर बसलं.

५७व्या मिनिटाला मितोमा आणि असानो आले. ७१व्याला मधल्या फळीतल्या तानाकाच्या जागी दोआन, त्यानंतर लगेच साकाईच्या जागी मिनामिनो. शेवटी जपानच्या दोन्ही कडांना बचावपटूंऐवजी हल्ला करणारे खेळाडू धावत होते. मोरियासूंनी जोखीम एकेक पायरी चढत वाढवली.

आता आपल्या बाजूचा रकाना भरा. मध्यंतरानंतर लगेच काय उत्तर दिलं? रचनेत काहीच नाही. ६७व्या मिनिटाला गुंडोआन आणि म्युलर बाहेर, गोरेट्झ्का आणि हॉफमन आत. जागेला जागा असेच हे बदल. चेंडू शांतपणे फिरवणारे आणि पुढच्यांना जागा दाखवणारे दोन अनुभवी खेळाडू नेमके दबाव वाढत असताना गेले. माझ्या मते सामना इथेच सुटला. आठ मिनिटांनी बरोबरी झाली.

पायरी ४ : गोल मागून पुढे पाहा

चेंडू जाळ्यात गेला तिथे थांबा आणि वीस सेकंद मागे जा. या वेळी चेंडूकडे बघू नका. आपल्या एका बचावपटूला निवडा आणि फक्त त्यालाच पाहा. मग दुसऱ्याला.

पहिल्या गोलला मितोमा डावीकडून आत आला आणि आपले दोघं-तिघं चेंडूकडे वळले. त्याच बाजूने मिनामिनो पळाला, त्याचा फटका आपल्या गोलकीपर नॉयरने हाताने बाहेर काढला, आणि परतलेल्या चेंडूवर दोआन मोकळा होता. नॉयरने चेंडू मधे ढकलला हे खरं. पण वीस सेकंद मागे गेलात तर दिसतं की बॉक्समध्ये आपली माणसं होती. जपानचे धावून आलेले खेळाडू मात्र कुणीच वाटून घेतले नव्हते.

दुसऱ्या गोलचं रीप्ले बघताना सगळे श्लॉटरबेककडे बोट दाखवतात. जपानच्या अर्ध्यातून इताकुराची लांब फ्री किक, असानोचा पहिलाच सुरेख स्पर्श, श्लॉटरबेकला खांद्यावर थोपवत घेतलेली धाव आणि अवघड कोनातून नॉयरच्या डोक्यावरून फटका. आता फ्री किक घेतली त्या क्षणी थांबवा आणि नजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला न्या. झ्यूले बाकी फळीच्या मागे उभा आहे. त्याच्यामुळे असानो ऑफसाइड नाही, म्हणजे पास सुटताना तो आपल्या शेवटच्या बचावपटूच्या पुढे गेलेला धरला जात नाही. फ्री किक म्हणजे थांबलेला खेळ, ओळ लावायला वेळ असतो. एकट्या श्लॉटरबेकवर हा गोल टाकणं अन्याय आहे.

पायरी ५ : आकडे शेवटी

आकडे मुद्दाम उशिरा घ्या, नाहीतर ते आपल्याला काय पाहायचं ते सांगायला लागतात. त्या दिवशी चेंडू बहुतांश वेळ आपल्याकडे होता, पंचवीसच्या आसपास फटके आपले, जपानचे त्याच्या निम्म्याहूनही कमी. एवढंच वाचलं तर निष्कर्ष निघतो ‘नशीब’. फटके पायरी ३च्या तुकड्यांमध्ये वाटून बघा, मग अर्थ लागतो.

पायरी ६ : नशीब वजा करा

गुंडोआनचा फटका ६०व्या मिनिटाला खांबाला लागला. ७०व्या मिनिटाच्या सुमारास गोंडाने ओळीने फटके अडवले. स्वतःला विचारा: यातला एक आत गेला असता तर आपण जिंकलो असतो का? कदाचित हो. मग दुसरा प्रश्न: तरीही तुम्ही शोधलेला दोष उरला असता का? याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो दोष खरा धरा आणि पुढच्या सामन्यांवर तपासा.

जर्मनी त्या वर्ल्ड कपमधून गटसाखळीतच बाद झाली. पुढच्या सप्टेंबरात, २०२३ मध्ये, वोल्फ्सबुर्गला घरच्या मैदानावर जपानकडूनच ४-१ असा मार खाल्ला आणि दुसऱ्याच दिवशी फ्लिक यांना जावं लागलं. तेव्हा खांब आणि गोंडा यांचं कारण पुढे करायला कुणालाच जागा नव्हती.

प्रतिस्पर्ध्याचं श्रेयही याच पायरीत द्या. दोआन, असानो, इताकुरा, एंदो, कामादा हे सगळे तेव्हा जर्मन क्लबांकडूनच खेळत होते. आपल्या बचावाच्या सवयी त्यांना दर आठवड्याला दिसत होत्या. हे आधीच माहीत असताना दुय्यम समजून खेळायला उतरलो असू, तर तोही आपलाच दोष.

पायरी ७ : एका वाक्यात कारण, खाली मिनिटं

लेख लिहा किंवा मित्रांना सांगा, आधी एक वाक्य ठरवा. माझं असं: मध्यंतराला जपानने आपला मोकळा माणूस बंद केला आणि आपण रचना न बदलता फक्त माणसं बदलली. त्याखाली पुरावा म्हणून मिनिटं लिहा: ४६, ५७, ६७, ७१, ७५, ८३. कुणी वाद घातला तर त्याला तेवढीच मिनिटं पाहायला सांगा. वाक्यात खेळाडूचं नाव येत असेल तर पुन्हा तपासा. एका माणसाची चूक बहुधा आधीच्या दोन-तीन गोष्टींनी तयार झालेली असते.

रेकॉर्डिंग नसेल तर

कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचे सामने बघणाऱ्यांना रीप्ले मिळेलच असं नाही. तिथे शक्यतो उंच आणि मैदानाच्या मधोमध बसा, दोन्ही फळ्या एका नजरेत येतात. दर दहा मिनिटांनी अर्धं मिनिट चेंडू सोडून फक्त आपली मागची फळी बघा आणि किती जण आहेत ते मोबाइलवर टिपा. बदल झाला की मिनिट लिहा आणि आत आलेला खेळाडू पहिल्या दोन वेळा कुठे जाऊन उभा राहतो ते बघा. मध्यंतरात शेजारच्याशी वाद घालण्याआधी तुमची दुसरी आकृती, चेंडू नसतानाची, काढून घ्या; उत्तरार्धात ती कुठे मोडते हे तुम्हाला गोल होण्याआधी दिसेल.