ईबेच्या लिलावात कपड्याच्या मापांचा तक्ता कसा टाकायचा

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर लिलावात कपडा लावताना एस पासून डबल एक्सएलपर्यंतचा अख्खा साइझ चार्ट चिकटवा, हा सल्ला जिथे तिथे मिळतो आणि लिलावापुरता तो साफ चुकीचा आहे. लिलावात नग एकच असतो. एकाच लिस्टिंगमध्ये, म्हणजे विक्रीच्या जाहिरातीत, चार-पाच साइझ ठेवायची सोय ईबेवर फक्त ठरलेल्या किमतीच्या मालाला आहे, लिलावाला ती नाहीच. मग बोली लावणाऱ्याला पाच साइझची मापं दाखवून करायचंय काय? समोर जो एक कुर्ता दिसतोय तो आपल्याला बसेल का, एवढंच त्याला बघायचंय. तर चार्ट नको, त्या एका कुर्त्याची मापं द्या.

आमच्या इंदूरला माहेश्वरी-चंदेरीचे कुर्ते, शिवलेले ब्लाउज, घरातल्या जुन्या नऊवारी असं सगळं ईबेवर विकणारी बरीच मराठी घरं आहेत. ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली, तेव्हापासून आपला माल परदेशी गिऱ्हाइकाकडेच जातो. तिकडे एम लिहिलं की प्रत्येकजण आपल्या देशाचा एम धरतो, नंबराचंही तेच, ब्रिटनचा १२ म्हणजे अमेरिकेचा साधारण ८. कपडा बसला नाही आणि गिऱ्हाइकाने वस्तू वर्णनाप्रमाणे नाही अशी केस टाकली, आणि ती टिकली, तर परत पाठवायचा खर्च आपल्यावर येतो, आणि तिकडून इंदूरपर्यंतच्या कुरिअरमध्ये दुसरा कुर्ता शिवून होईल. म्हणून मापं नीट द्यायची, यात कंटाळा करू नका.

मापं घेणं सोपं आहे. कुर्ता इस्त्री करून टेबलावर सपाट पसरा, न ताणता टेप लावा. एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, ती म्हणजे अंगाचं माप वेगळं आणि तयार माप वेगळं. आपले मास्टरजी छत्तीसच्या छातीला कुर्ता तयार करतात तो एकोणचाळीस-चाळीसचा, कारण अंगात ढिलाई लागते. तुम्ही टेपने मोजताय ते तयार माप आहे, आणि तक्त्याच्या वर हे स्पष्ट लिहायचं की ही कपड्याची मापं आहेत, अंगाची नाहीत. काखेपासून काखेपर्यंत २० इंच आले तर छाती ४० लिहा, नुसतं २० लिहून दुप्पट करायचं काम गिऱ्हाइकावर सोडू नका. ब्लाउजला आत माया किती सोडलीय तेही सांगा, दोन इंच उसवता येत असेल तर विकत घेणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो.

आता तक्ता. इथेच लोक अडकतात आणि माझंही सगळ्यात जास्त इथेच अडलं होतं, म्हणून सावकाश सांगते.

पहिलं म्हणजे तक्त्याचा फोटो करून टाकू नका. लोक एक्सेलमध्ये तक्ता बनवतात, स्क्रीनशॉट काढतात आणि लावतात फोटोंमध्ये. एक तर फोटोवर वेगळी अक्षरं टाकलेली ईबेच्या फोटोंच्या नियमात चालत नाहीत, आणि दुसरं, फोनवर तो फोटो एवढासा दिसतो की ३८ आणि ३६ मधला फरक कळत नाही. जर्मनीतला माणूस पान भाषांतर करून वाचत असेल तर फोटोतली अक्षरं तशीच राहतात. मापं ही मजकूर म्हणूनच हवीत.

दुसरं, वर्डमधून किंवा एक्सेलमधून तक्ता कॉपी करून वर्णनाच्या खिडकीत पेस्ट करू नका. दिसायला छान दिसतं, पण मागे वर्डचा ढीगभर फालतू कोड येतो आणि त्यात प्रत्येक रकान्याची रुंदी पिक्सेलमध्ये बांधलेली असते. कॉम्प्युटरवर ठीक, फोनवर उजवीकडचा रकाना स्क्रीनच्या बाहेर. आणि उजवीकडेच तर सेंटिमीटर असतात, म्हणजे युरोपातल्या माणसाला काहीच दिसत नाही.

करायचं असं. साधं नोटपॅड उघडा आणि तक्ता हाताने लिहा, एचटीएमएल, म्हणजे वेबपानाची खुणांची भाषा, येत नसली तरी चालेल कारण चारच टॅग, म्हणजे खुणा, लागतात. सगळ्याला वेढणारा टेबल (table), प्रत्येक ओळीला टीआर (tr), मथळ्याच्या घराला टीएच (th) आणि साध्या घराला टीडी (td). प्रत्येक टॅग कोनदार कंसात, आणि जो उघडला तो तिरकी रेघ देऊन बंद केलाच पाहिजे, आतला आधी, बाहेरचा नंतर. टेबलचा शेवटचा टॅग बंद करायचा राहिला की खालचं पोस्टेजचं, धुण्याचं सगळं लिखाण वेडंवाकडं होतं आणि माणूस तासभर शोधत बसतो की बिघडलं कुठे. म्हणून उघडणारा आणि बंद करणारा टॅग आधी जोडीनेच लिहून घ्या, आतलं मग भरा.

रुंदी टेबलच्या टॅगमध्ये एकदाच द्यायची, width="100%" अशी, आणि ती टक्क्यातच. घरांना वेगळी रुंदी अजिबात देऊ नका. रकाने तीनच ठेवा: मापाचं नाव, इंच, सेंटिमीटर. छाती ४० इंच, १०२ सेमी. उंची ४४ इंच, ११२ सेमी. एका इंचाचे २.५४ सेमी धरून गोल आकडा लिहा, कपड्याला दशांश लागत नाहीत, फक्त अर्धा इंच असेल तर ३७.५ असं लिहायचं. ओळी पाच-सहा पुरतात, छाती, कंबर, सीट, खांदा, बाही, उंची. मुंढा फक्त ब्लाउजला.

आणि आता ती जागा जिच्यापायी लोक तक्त्याचा नाद सोडून देतात: अवतरणचिन्ह. १००% च्या दोन्ही बाजूंना जी दुहेरी चिन्हं येतात ती सरळ हवीत. वर्ड आणि कित्येक फोन ती आपोआप वाकडी, शोभेची करून टाकतात, डोळ्याला फरक जाणवत नाही, पण ब्राउझरला ती चालत नाहीत, मग रुंदी मानलीच जात नाही. कोड कुणी व्हॉट्सअॅपवर पाठवला असेल तर हे नक्की तपासा, दोन्ही चिन्हं पुसून नोटपॅडमध्ये पुन्हा टाइप करा. निम्मे बिघडलेले तक्ते एवढ्यानेच सुधारतात.

उघडझाप होणारे तक्ते, इंच-सेमी बदलायचं बटण असलं काही विकत घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. त्यामागे जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, असतं आणि ईबेने वर्णनातलं असलं सगळं २०१७ पासून बंद केलंय.

कोड तयार झाला की लिस्टिंगच्या वर्णनात एचटीएमएल कोड दाखवायचा पर्याय निवडा, पेस्ट करा, पर्याय काढून दिसतंय कसं ते बघा. झालं.

तक्त्याच्या वर मात्र साध्या वाक्यात एक ओळ टाका, छाती ४०, उंची ४४, तयार माप. फोनवर आधी वर्णनाचा आखूड सारांशच दिसतो, त्यात तक्त्याच्या चौकटी उरत नाहीत, आणि तो उघडून खाली जाणारे फार थोडे. साइझ आयटम स्पेसिफिक्समध्येही (साइझ, रंग वगैरेचे लिस्टिंगमधले ठरलेले रकाने) भराच, गाळणी म्हणजे फिल्टर लावून शोधणारे तिथूनच येतात.

साडीला साइझ नसते म्हणून लोक काहीच लिहीत नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. नऊवारी म्हणजे साधारण ८.२ मीटर, आणि अमेरिकेतल्या बाईला ती साडेपाच मीटरची वाटली तर नेसताना ती काय करणार? लांबी, पन्हा, ब्लाउजपीस जोडलेला आहे की वेगळा की नाहीच, अशा तीन ओळींचा तक्ता द्या. जुनी साडी फॉल लावलेली असेल तर तेही. आणि लांबी प्रत्यक्ष मोजा, जुन्या साड्या कधी कुणी कापून आखूड केलेल्या असतात.

फोटोंत एक फोटो टेप लावलेला ठेवा, छातीवर आडवा, आकडा वाचता येईल असा जवळून.

लिलाव सुरू करायच्या आधी आपल्या फोनवर आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी छोट्या फोनवर लिस्टिंग उघडून सेंटिमीटरचा रकाना पूर्ण दिसतो का ते बघा. हे आधीच करायचं कारण पहिली बोली लागली की वर्णनातलं जुनं पुसता येत नाही, फार तर खाली भर घालता येते. मापात चूक राहिलीच आणि बोली आलेली असेल तर लगेच खाली दुरुस्तीची ओळ जोडा, चुकीचं माप कुठलं आणि बरोबर कुठलं दोन्ही लिहा, आणि बोली लावणाऱ्याला स्वतःहून मेसेज करा की बोली मागे घ्यायची असेल तर घ्या.