स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाताची सूज : या चुका टाळा

औसा तालुक्यातल्या एक मावशी माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्या तेव्हा डावा हात पदराखाली झाकलेला होता. पदर बाजूला केला तर ब्लाउजची डावी बाही उसवून आतलं कापड सोडलेलं, आणि जुन्या टाक्यांच्या एक सोडून दोन रेघा.

"मावशी, ही बाही कधी उसवली?"

"दिवाळीला एकदा, अन् संक्रांतीला परत. शिंप्याला म्हणलं, तुझं मापच चुकलंय."

कोपराखाली अंगठा दहा सेकंद दाबून धरला. उचलला तर खळगा तसाच.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच : सूज डोळ्यांना दिसेपर्यंत थांबणं. काखेतल्या गाठी, म्हणजे लसीका गाळणाऱ्या छोट्या ग्रंथी, काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हातातल्या लसीकेचा, म्हणजे पेशींभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा, परतीचा रस्ता अरुंद होतो. काखेतल्या बहुतेक गाठी काढलेल्या बायकांपैकी साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते. दोन-तीनच गाठी तपासायला काढल्या असतील तर धोका बराच कमी. बहुतेकींना ती पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, पण पुढे कधीही येऊ शकते. आधी हात जड वाटतो, बांगडी चढत नाही, अंगठी रुतते, बाही काचते. शिवणकामाची टेप घ्या आणि मनगट, कोपराखाली १० सेंटीमीटर, कोपरावर १० सेंटीमीटर असं दोन्ही हातांचं माप महिन्यातून एकदा कॅलेंडरवर लिहा. जमलं तर पहिलं माप ऑपरेशनच्या आधीच. दोन हातांतला फरक नव्याने २ सेंटीमीटरपर्यंत गेला की दाखवायला या. त्याआधी हात नुसता जड वाटू लागला तरी या.

दुसरी चूक मायेपोटी होते. "तू हात हलवू नको, आम्ही करतो सगळं," म्हणत घरचे तिला बसवून ठेवतात. हालचाल थांबली की खांदा आखडतो आणि सूजही वाढते, कारण लसीका पुढे ढकलायचं बरंचसं काम स्नायूच करतात. सर्जनने परवानगी दिली की भिंतीवर बोटं चढवणं, स्वतःची वेणी घालणं, मूठ उघडझाप करणं रोज व्हायला हवं. पुढे वजनही उचलता येतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, आधीच हात सुजलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा हळूहळू वाढवत वजन उचललं. त्यांची सूज वाढली नाही, उलट सूज उसळण्याचे प्रसंग कमी झाले. हळूहळू हा शब्द मात्र विसरू नका. सहा महिने बसून राहायचं आणि वेळ अमावास्येच्या सणाला अंबिलाचं बिंदगं, म्हणजे भरलेला घडा, एकदम त्याच हाताने शेतात न्यायचं, हे नको.

आता तेल. मावशींच्या जावेने पंधरा दिवस रोज कोमट तेलाने हात रगडला होता, वरून विटेचा शेक. तिचा जीव तुटत होता, तिला बोल लावायचा नाही. पण उष्णतेने हातात रक्त जास्त येतं, पाणी जास्त झिरपतं, आणि जोराच्या रगडण्याने आधीच कमी राहिलेल्या बारीक लसीकावाहिन्या दुखावतात. आम्ही जो मसाज शिकवतो तो इतका हलका असतो की बायकांना वाटतं, ही काहीच करत नाही. कातडी नुसती सरकवायची असते, तीही आधी मान आणि चांगल्या बाजूची काख मोकळी करून मग सुजलेला हात.

लघवीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. या सुजेवर तिचा उपयोग होत नाही. हत्तीरोगाच्या गोळ्यांचाही नाही, तो रोग वेगळा.

प्रेशरची स्लीव्ह, म्हणजे हात दाबून धरणारी घट्ट बाही, मेडिकलमधून अंदाजाने आणणं हीसुद्धा चूकच. सूज जास्त असेल तर आधी दोन ते चार आठवडे थरांची पट्टी बांधून हाताची सूज उतरवतात आणि मग माप घेऊन स्लीव्ह देतात. ढिली निरुपयोगी, आणि मनगटाला काचणारी पंजा सुजवते. पंजा सुजत असेल तर हातमोज्यासह घ्या. रोज धुवा, दोन जोड ठेवा, साधारण सहा महिन्यांनी ताण गेला की बदला. आपल्याकडच्या मे महिन्यात ती नकोशी होते हे मी रोज ऐकते, पण उन्हाळ्यातच सूज चढते. पहाटे उठल्याबरोबर घाला, दुपारी सावलीत थांबा, रात्री काढा.

सगळ्यात जास्त भीती मला जखमेची वाटते. कापसाच्या बोंडाची टोकं, बाभळीचा काटा, तव्याचा चटका, सोयाबीन कापताना विळ्याचा ओरखडा. सुजलेल्या हातात जंतू फार झपाट्याने पसरतात. वेचणीला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे घाला. लागलं तर साबण-पाण्याने धुऊन मलम लावा. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिक लागतं. उतारा, लेप, "सकाळी बघू" यात एक रात्रही घालवू नका. त्या काळात मसाज आणि पट्टी बंद. पुन्हा कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील.

बीपी आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला, पण तातडीच्या वेळी यावरून उपचार अडवू नका.

आणि बरी असलेली सूज अचानक वाढली, हात दुखू लागला, बधिर झाला किंवा काखेत, मानेत नवी गाठ लागली तर माझ्यासारख्या फिजिओकडे आधी येऊ नका. शिरेत रक्ताची गुठळी किंवा आजार परतला असण्याची शक्यता आधी तपासावी लागते. बार्शी, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, जिथे ऑपरेशन झालं तिथे जुनी फाईल आणि मापाचं कॅलेंडर घेऊन जा.