कार्टिंगची खरेदी: आधी बरगड्या, मग रंग

हुपरी म्हटलं की बाकीच्यांना चांदीचे पैंजण आठवतात, आम्हा मेकॅनिक लोकांना कार्टिंगचा, म्हणजे बुटक्या उघड्या रेसिंग गाड्यांचा, ट्रॅक. पोराला कार्टिंगचा नाद लागला की आईबाप येऊन पहिलं विचारतात, "सूट केवढ्याला पडेल?" मी म्हणतो, सूट थांबू दे, आधी रिब प्रोटेक्टर, म्हणजे बरगड्या झाकणारं कवच, घ्या.

कार्टला सस्पेन्शन नसतं. फायबरची कडक सीट थेट चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टनं आवळलेली. कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवर, चाक चढलं की दणका सरळ कुशीत बसतो, आणि वळणावर सगळं वजन सीटच्या कडेवर. एका सेशननंतर काही पोरं बरगडीला हातसुद्धा लावू देत नाहीत. रोज असा मार खाऊन बरगडी तडकायला मोठा अपघात लागत नाही. प्रोटेक्टरवर एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) ८८७०-२०१८ हे लेबल शोधा. बसल्यावर सगळ्यात खालची बरगडी झाकली पाहिजे, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवताना काखेत काचता कामा नये. सीटचं मापही प्रोटेक्टर घालूनच घ्यायचं. टी-शर्टवर माप घेतलेल्या सीटमध्ये प्रोटेक्टर घालून बसायला जागा उरत नाही. मग तो जातो पिशवीत, आणि वर्षभर तिथंच पडतो.

हेल्मेट पूर्ण तोंडाचं, डबल डी-रिंगच्या पट्ट्याचं. कार्टिंगसाठी स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं 'के' मानांकन आहे. लहान मुलांसाठी 'सीएमआर' वेगळं, कारण जड हेल्मेटचा भार कोवळ्या मानेवर येतो. "पुढच्या वर्षी बसेल" म्हणून एक साइज मोठं घेणाऱ्यांशी माझं दर वेळी वाजतं. शाळेच्या बुटांचा हिशोब इथं चालत नाही. पट्टा आवळा, मागची खालची कड धरून हेल्मेट पुढं ओढा. निघून हातात आलं तर दुकानदाराला परत द्या. डावी-उजवीकडं हलवल्यावर गालाची कातडी सोबत हलली पाहिजे. सूट जुना घेतला तर माझी हरकत नाही, पोरं वाढतात आणि सूट तोकडे पडतात. हेल्मेट मात्र कधीच जुनं घेऊ नका. आतला थर्माकोलसारखा थर एकदा दबला की दबला, आणि बाहेरून ते कळत नाही.

आता केस. सीटच्या मागेच ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आडवा दांडा, गरगरत असतो, बऱ्याच गाड्यांवर उघडाच. आपल्या देशात त्यात केस अडकून जीव गेलेत, तेही रेसमध्ये नाही, हौस म्हणून भाड्यानं घेतलेल्या गाडीवर. वेणी घालून ती मागं सोडणं म्हणजे बंदोबस्त नव्हे. केस बालाक्लाव्हाच्या (डोकं-मान झाकणाऱ्या कापडी टोपीच्या) आत, बालाक्लाव्हा हेल्मेटमध्ये, हेल्मेटची कड सूटच्या कॉलरला भिडलेली. ओढणी, स्टोल, हुडीची दोरी पिटमध्येच काढून ठेवायची. इथं मी कोणाचं ऐकत नाही, पाहुणे असोत नाहीतर मालकाचे मेहुणे.

सूटबाबत एक घोळ नेहमी होतो. कारमधला ड्रायव्हर पट्ट्यांनी जखडलेला असतो, त्याला भीती आगीची, म्हणून त्याचा सूट नोमेक्स या आगीला टिकणाऱ्या कापडाचा. रेसिंग कार्टला सीटबेल्टच नसतो. गाडी उलटली तर माणूस खाली चिरडण्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा हिशोब. म्हणजे आपली गाठ डांबराशी. महागडा नोमेक्स डांबरावर लवकर फाटतो. कार्टचा सूट घासायला टिकणाऱ्या जाड कापडाचा हवा. मानांकन एफआयए ८८७७-२०२२, आणि परवडत असेल तर लेव्हल २. उभं राहून आरशात बघू नका. खाली बसा, पाय लांब करा, हात स्टिअरिंगवर धरल्यासारखे पुढं घ्या. मनगट किंवा घोटा उघडा पडला तर साइज चुकली.

बूट घोटा झाकणारे, पातळ तळव्याचे. लेस आत खोचलेली, नाहीतर ती पेडलमध्ये अडकते. हातमोज्यांची शिलाई बाहेरून असेल तर तळव्याला फोड कमी येतात. मानेभोवतीची फोमची कॉलर स्वस्त आहे, घ्या, पण तिच्यावर फार विसंबू नका.

एफएमएससीआयच्या, म्हणजे आपल्या देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेच्या, लायसन्सवर धावायचं असेल तर त्या रेसचे नियम वाचूनच पावती फाडा. कुठलं जुनं लेबल अजून चालतं ते त्यात असतं, आणि स्क्रुटिनीच्या, म्हणजे रेसआधीच्या तपासणीच्या, टेबलावर दुकानदार तुमच्या बाजूनं बोलायला येत नाही.