नकाशा कोरा असला तरी बांधालगतचं पाचट आत ओढा

करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ भागात उसाची तोड जोरात आहे. फड रिकामे होतायत आणि सांजवेळी पंचगंगेच्या काठानं धूर खाली बसायला लागलाय. बाकीची कामं चार दिवस मागं पडली तरी चालतील, हे एक नको: तोड झाली त्याच दिवशी बांधालगतचं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, चारही बाजूंनी बारा फूट आत ओढून घ्या. माती उघडी दिसली पाहिजे.

दरवर्षी बघतोय, पाचट न जाळणाराच जास्त भाजून निघतो. तो शहाण्यासारखं पाचट सरीत ठेवतो, शेजारी काडी लावतो आणि ठिणगी बांध ओलांडते. फुटलेला खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून आलेला पुढचा ऊस, करपतो, ठिबकच्या नळ्या वितळतात. शेजारी "वाऱ्यानं गेली" म्हणून मोकळा.

आता बरेच जण मोबाईलवर नासाचा फर्म्स नकाशा, म्हणजे आगींचे ठिपके दाखवणारा, बघतात. फुकट आहे, जरूर बघा. उपग्रहानं आग टिपल्यावर साधारण तीन तासांत ठिपका उमटतो. त्यावरची वेळ जागतिक घड्याळाची असते, साडेपाच तास मिळवायचे. ०८:१० दिसलं तर आपल्याकडची दुपारची १:४०. आणि हे ठिपके ज्या व्हीआयआरएस उपकरणाचे, त्याचा एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकर. ठिपका चौकोनाच्या मध्यावर पडतो, आग त्यातल्या कुणाच्याही तुकड्यात असू शकते. तेवढ्यावरून कुणाच्या दारात भांडायला जाऊ नका. रोज एकाच जागी ठिपका येत असेल तर ती बहुतेक वीटभट्टी.

खरी गोम वेळेत आहे. हे उपग्रह आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. आपल्याकडं पाचट पेटतं संध्याकाळी. सहाला लावलं, सातला राख. दोन फेऱ्यांच्या मधे सगळा खेळ आटोपतो आणि नकाशावर काहीच नाही! कोरा नकाशा बघून निवांत झोपलेल्यांचे खोडवे जळालेले मी पाहिलेत. बारा फूट माती मात्र रात्रंदिवस राखण करते.

धुरासाठी नासाचंच वर्ल्डव्ह्यू संकेतस्थळ उघडा, त्यात उपग्रहानं काढलेलं दिवसाचं चित्र असतं. धुकं पांढरंशुभ्र, नदीच्या खोऱ्यात कडा धरून बसलेलं. धूर राखाडी-निळसर, शेपटासारखा लांबलेला. एका फडाचा धूर त्यात सापडत नाही, पण राधानगरी-शाहूवाडीकडं मोठा वणवा लागला तर दिसतो, आणि शेपूट कुठं वळलंय त्यावरून वाऱ्याची दिशा कळते. माझा आपला अंदाज, पुस्तकातला नव्हे: शिमग्याच्या आसपास दुपारचा वारा पश्चिमेकडून उठतो. तेव्हा पश्चिमेच्या बांधाला बारा फुटांवर समाधान मानू नका, वीस करा आणि पाणी सोडून ती पट्टी ओली ठेवा.

पट्टी ओढायला माणूस मिळत नाही, ही तक्रार खरी आहे. पण तोडणारी टोळी खुशाली, म्हणजे मजुरीवरचे जादा पैसे, मागतेच ना? द्यायचीच असेल तर बांधाकडचं पाचट ओढून झाल्यावर द्या.

खोडव्याची बाकी कामं:
- बुडखे जमिनीलगत छाटणे
- छाटलेल्या बुडख्यांवर कार्बेन्डाझिम, १० लिटर पाण्यात १० ग्रॅम
- पाचट सरीत दाबणे (एकरी ३ ते ४ टन धरा)
- टनाला युरिया ८ किलो, सिंगल सुपर फॉस्फेट १० किलो, पाचट कुजवणारे जिवाणू १ किलो
- पाणी, नांग्या (ऊस न फुटलेल्या मोकळ्या जागा) भरणे

पंधरा दिवसांत पाचट विरघळवणारी महागडी बाटली दुकानदार पुढं करेल. घेऊ नका. ओल नसेल तर कुठलेच जिवाणू काम करत नाहीत, आणि ओल असेल तर वरचा हिशेब पुरतो. मी त्यात जुन्या उकिरड्यातल्या शेणखताचा काला मिसळतो. लवकर कुजतं असं मला वाटतं.

उभा ऊस पेटलाच तर त्याच दिवशी कारखान्याच्या शेतकी विभागाला कळवा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. वरून वीजतारा गेल्या असतील तर तारांच्या झोळाचे फोटो आधीच काढून ठेवा. जळका ऊस फडात पडून राहील तसं वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घसरतात, म्हणून तोडीची चिठ्ठी हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.